म्हात्रे सिस्टरांची पाच मिनिटं

परवा सानपाड्यातल्या एका चकचकीत दवाखान्यात मी भांडून आलो. लिफ्ट बंद होती, म्हणून दोन जिने चढून धापा टाकत वर पोचलो. तिथल्या मुलीनं मला लगेच एका उंच स्टुलावर बसवलं. माझे पाय लोंबकळत होते, सदऱ्याची बाही खाली होती. तिनं बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, यंत्राचं बटण दाबलं आणि गोड आवाजात विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?" मी मुलगा, सून, नातू असं सांगतोय तोवर यंत्र किणकिणलं. "एकशे सत्तर! काका, टेन्शन नका घेऊ हं."

मी म्हटलं, "पोरी, हे माझं प्रेशर नाही. हे तुमच्या जिन्याचं, तुमच्या स्टुलाचं आणि तुझ्या गप्पांचं प्रेशर आहे. बाही वर कर, मला खुर्ची दे आणि पाच मिनिटं तोंड बंद ठेव." आतून डॉक्टर बाहेर आले, ते मला शांत करू लागले, आणि मी आणखीच भडकलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "सत्तरी आली तुमची. आता तरी राग आवरा, बीपी वाढेल."

हे वाक्य कानावर आलं की मला म्हात्रे सिस्टर आठवतात. नव्वदीच्या दशकात सहा वर्षं आम्ही एका दवाखान्यात काम केलं. त्या सहा वर्षांत हे वाक्य त्यांना इतक्यांनी ऐकवलं, आणि त्या प्रत्येकाला त्यांनी असं काही फाडून खाल्लं, की तसं वाक्य उच्चारायची आजही माझी छाती होत नाही. बायकोला हे ठाऊक नाही, म्हणून ती उच्चारते.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांच्या मागं, एका ट्रस्टचा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. एका खोलीत डॉक्टर, दुसऱ्या खोलीच्या खिडकीशी औषधं देणारा मी, आणि पडवीत टेबल-खुर्ची टाकून म्हात्रे सिस्टर. बाजारात गोण्या उचलणारे माथाडी हे आमचे मुख्य पेशंट. बहुतेक सगळे साताऱ्याकडचे, जावळी-पाटणच्या डोंगरातले. सिस्टर मात्र इथल्याच, बोनकोडे गावच्या. त्यांचे वडील खाडीवरच्या मिठागरात राबलेले. घरची भातशेती शहर वसवायला गेली होती आणि तिच्यावर आता चार-चार मजली इमारती उभ्या होत्या. एकदा ट्रस्टच्या हापिसातल्या कुणा कारकुनानं त्यांना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" सिस्टर म्हणाल्या, "मी हितलीच हाय. तू कुठला तो सांग. आमच्या शेतान घर बांधून ऱ्हातंस, आनि मनाच इचारतंस?" कारकून बिचारा सोसायटीत भाड्यानं राहणारा. त्यानं पुन्हा कधी आमच्या दवाखान्याकडं पाऊल टाकलं नाही.

बुटक्या, काळ्यासावळ्या, कडक खळीचं पांढरं पातळ, अंबाड्यावर अबोलीचा एक वळसा. ट्रस्टनं दिलेले बूट चावतात म्हणून त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले होते, त्यामुळं पायात रबरी चप्पल. अरे-तुरे सर्वांनाच करत. डॉक्टरांना तेवढं 'तुमी' म्हणत, तेही डॉक्टर नीट वागले तर.

त्यांच्या टेबलावर पाऱ्याचं यंत्र असे आणि टेबलासमोर एक लांब बाकडं. प्रेशर मोजायला आलेल्या माणसानं आधी त्या बाकड्यावर पाच मिनिटं बसायचं. पाठ भिंतीला, दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर, आणि तोंड बंद. मागच्या अर्ध्या तासात चहा घेतला असेल, तंबाखू मळली असेल, तर उठून जायचं आणि नंतर यायचं. लघवी दाबून ठेवली असेल तर आधी जाऊन यायचं. हे त्या सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारत, आणि मिशाळ गडी लाजून पळत. मग सदरा काढायचा, उघडा दंड टेबलावर काळजाच्या उंचीला ठेवायचा, आणि मग त्या स्टेथोस्कोप कानाला लावत. तेवढ्यात कुणी खाकरलं तरी पट्ट्यातली हवा भस्सकन सोडून देत. "परत बस. पाच मिंटं."

बाहेर ट्रकांचे भोंगे, दलालांची बोंबाबोंब, गाड्यांची खडखड, आणि आत बाकड्यावर सहा दांडगे माथाडी शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसलेले. त्यांच्या अख्ख्या दिवसात हीच पाच मिनिटं काही न करता बसायची. काही जण तर काहीच होत नसताना "बाई, प्रेशर बघा" म्हणत येत आणि भिंतीला टेकून डुलकी काढत. सिस्टरांना ते कळत होतं. अशांना त्या सहावं मिनिटही देत.

आमचे डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. संध्याकाळी वाशीत त्यांचा स्वतःचा दवाखाना असे, त्यामुळं त्यांचं निम्मं चित्त दुपारीच खाडीच्या दिशेनं चालू लागे. वर्षातून एकदा सगळ्या टोळ्यांची तपासणी असायची. ज्याचं प्रेशर जास्त निघेल त्याच्या कार्डावर 'जड काम नको' असा शिक्का बसे. शिक्का बसला की टोळीतली जागा गेली, आणि जागा गेली की माणूस गावाला. सिस्टर आल्या त्या वर्षी डॉक्टरांनी एका सकाळी अकरा जणांना शिक्के मारले. सिस्टरांनी त्यातल्या एकाचा दंड हातानं चाचपला आणि त्या कडाडल्या.

"डॉक्टर, हा दंड बघा. हा काय तुमच्यासारका हापिसातला हात हाय? यो पट्टा याला पुरतं तरी का? लहान पट्टा मोठ्या दंडाला आवललाव तं पारा वरच जानार. कॉलेजान नाय शिकवला?"

शिकवलं होतं. सिस्टरांनी ट्रस्टकडं मोठ्या मापाचा पट्टा मागितला, ट्रस्टनं तीन महिने लावले, तेव्हा त्यांनी स्वतः मुंबईला जाऊन तो आणला आणि अकराही जणांना गावाहून बोलावून पुन्हा बाकड्यावर बसवलं. आठ जणांचं प्रेशर ठणठणीत निघालं. त्या आठ जणांना आपापली कार्डं परत मिळाली, आणि त्या दिवसापासून बाजारात म्हात्रे सिस्टरांचा शब्द खाली पडेनासा झाला.

पण त्याचा उलटाही परिणाम झाला. कुणाचंही प्रेशर जास्त आलं की गडी म्हणू लागले, "पट्टा बारका आसंल, बाई." सिस्टरांचं शहाणपण त्यांनी सिस्टरांच्याच अंगावर उलटवलं. महादू ढेबे हा त्यांतलाच एक.

महादू एका टोळीचा मुकादम. पंचेचाळिशीचा, बैलासारखा मजबूत, आणि बाजारातला सर्वांत गोड माणूस. त्याच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही. गाळ्यावर दोन गडी भिडले तर हा मधे जाऊन नुसता हसत उभा राही आणि भांडण आपोआप विझे. सिस्टर सगळ्यांवर डाफरत, आणि सगळ्यांत जास्त याच्यावर, कारण तो ऐकून घेई. मला वाटतं त्याच्यावर त्यांची माया होती. त्यांची माया ओळखायची एकच खूण होती, ती म्हणजे त्यांनी घातलेल्या शिव्या. ज्याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे त्याच्याशी त्या नीट बोलत.

एक दिवस महादू सहज म्हणून बाकड्यावर बसला, आणि पारा दोनशेदहावर एकशेवीस आला. सिस्टरांनी दुसरा हात बघितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा हलला नाही.

"पट्टा बारका आसंल, बाई," महादू हसून म्हणाला.

"पट्टा मोठा हाय, म्हादू. आकडाव मोठाच हाय."

"पर मला कायबी हुत न्हाय. डोस्कं दुकत न्हाय, चक्कर न्हाय. आन बाई, आवं मला कंदी राग आल्याला बगितलाय का कुनी? मग बीपी कुटनं यील?"

तेव्हा सगळ्या बाजाराची हीच समजूत होती. बीपी हा रागीट माणसाचा रोग. डॉक्टरही आत बसून हसत म्हणाले, "त्या हिशेबानं सिस्टरांचं तर तीनशे असायला हवं." सिस्टर उठल्या, बाकड्यावर जाऊन बसल्या, भिंतीला पाठ लावली, पाय जमिनीवर टेकवले. एखादा मंत्री मेल्यासारखी पाच मिनिटं शांतता. मग त्यांनी हात पुढं केला. "घ्या. तुमीच घ्या, म्हंजे मी खोटा वाचला आसा कोनी बोलनार नाय." डॉक्टरांनी घेतलं. एकशेअठरावर शहात्तर.

सिस्टर महादूकडं वळल्या. "बघ. राग मना येतं आनि बीपी तुना हाय. राग आला का पारा चरतं, गेला का उतरतं. पन चरला तो उतरतच नाय, त्याला रोग बोलतान. तो हसऱ्यालाव होतं. आनि दुकत नाय म्हनूनच तो हरामी हाय. दुकला असता तं तू कवाच आला असतास."

महादूनं मान डोलावली. गोळ्या घेतल्या. आठवडाभर खाल्ल्या आणि सोडून दिल्या.

मग सिस्टरांनी त्याचा पिच्छा पुरवला. तो ज्या खाणावळीत टोळीबरोबर दुपारी जेवायचा, तिथं त्या एके दिवशी जाऊन उभ्या राहिल्या. माथाड्यांचा एक नेम होता. घामानं अंगातलं मीठ जातं, मग ताकद कुठून राहणार, म्हणून प्रत्येक पानाशेजारी खड्याच्या मिठाची चिमूट असायची. भाकरीचा घास, वर कांदा, वर मिठाचा खडा. ठेचा आणि लोणचं वेगळंच. सिस्टरांनी महादूच्या ताटातली आमटी बोटानं चाखली आणि बाहेर जाऊन थुंकल्या.

"मीठ कारनाऱ्याची पोर मी," त्या सगळ्या पंगतीवर ओरडल्या. "माजा बापूस मिठात हुबा राहून मेला. मिठाचा काय करायचा तो मना शिकवू नका. भाकर खातव का मिठागर खातव?"

खाणावळवाली बाई म्हणाली, "बाई, आळणी केलं तर हे गडी ताट फेकत्यात."

"फेकू दे. मी उचलून परत वाराया येतंव."

खरंच गेल्या. चार दिवस दुपारच्या सुट्टीत जाऊन उभ्या राहिल्या. पाचव्या दिवसापासून खाणावळीतली मिठाची वाटी बंद झाली. गडी चरफडले, पण जेवले.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सिस्टरांना डॉक्टरांनी दुसऱ्या खोलीत डोळे तपासायला बसवलं, कारण त्या पाच-पाच मिनिटं लावतात आणि दिवसभरात टोळ्या संपत नाहीत. प्रेशर डॉक्टरांनी स्वतः घेतलं, पटापट. संध्याकाळी सिस्टर कागद बघायला बसल्या. एका कागदावर महादू ढेबे, एकशेवीसवर ऐंशी. त्या उठल्या आणि तडक त्याच्या टोळीच्या गाळ्यावर गेल्या. मी मागोमाग धावलो, कारण त्यांचा चेहरा पाहून काहीतरी विपरीत घडेल असं मला वाटलं.

घडलं होतं ते आधीच. टोळीत नाना नावाचा एक काटकुळा गडी होता, प्रेशर सोन्यासारखं. महादूच्या नावाची हाक आली तेव्हा बाकड्यावर नाना जाऊन बसला होता. डॉक्टरांनी मान वर करून बघितलंच नव्हतं. टोळीच्या जिवाला वाटलं, आपण मुकादमाची जागा वाचवली.

सिस्टरांनी नानाचा दंड धरला आणि महादूच्या दंडाशेजारी ठेवला. "या दोगान फरक दिसला नाय त्या आंधल्याला? आनि तुमाला रं? तुमी काय वाचवलाव? कार्ड वाचवलाव. मानूस मारलाव." टोळी खाली मान घालून उभी. नाना रडायलाच लागला. महादू मात्र तसाच हसत म्हणाला, "बाई, त्येंची काय चूक न्हाय. मीच बोल्लो हुतो."

मी सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणालो, डॉक्टरांना सांगा, शिक्का मारतील, निदान जीव तरी वाचेल. त्या माझ्यावरच उलटल्या.

"शिक्का मारला तं तो गावाला जाल. डोंगरान त्याला गोली कोन देल? तू जाशील? हितं हाय तवर माझ्या डोल्यासमोर हाय."

मग त्यांनी महादूला आपला हुकूम सांगितला. रोज सकाळी सहाला, बाजार भरायच्या आधी, दवाखान्याच्या पायरीवर यायचं. गोळी त्यांच्यासमोर गिळायची, आठवड्यातून एकदा बाकड्यावर बसायचं. एक दिवस जरी चुकला तर त्या स्वतः शिक्का मारून आणतील. आणि पारा खाली येईपर्यंत पाठीवर गोणी घ्यायची नाही, मुकादमकी करायची. टोळीनं त्याच्या वाटणीचं ओझं उचलायचं. "नाटक करायला एकत्र आलाव ना? आथा वजा उचलायला एकत्र या."

दवाखाना नऊला उघडायचा. त्या बाई त्यासाठी पहाटेची बस धरून सहाला हजर राहत. एक वर्ष. जानेवारीच्या धुक्यात, जुलैच्या चिखलात. मी दोन-तीनदा मुद्दाम लवकर जाऊन बघितलं. पायरीवर त्या उभ्या, हातात पेला. महादू जीभ बाहेर काढून दाखवतोय आणि त्या वाकून बघतायत. "गालान दाबून ठेवतंस? दाखव, उलटी कर जीभ." चार महिन्यांत पारा एकशेचाळीसवर आला आणि महादू पुन्हा गोणी उचलू लागला. सिस्टरांना मी हसताना बघितलं ते त्या दिवशी. तेसुद्धा त्या पाठमोऱ्या होत्या, खांदे हलले म्हणून कळलं.

त्यांची बदली का झाली ते सांगताना आजही माझी मूठ आवळली जाते. बाजारातला एक बडा व्यापारी एकदा रांग मोडून पुढं आला. सदरा काढला नाही, बाकड्यावर बसला नाही, खुर्चीत बसून हातातल्या त्या वेळच्या विटेएवढ्या मोबाइलवर भाव सांगत राहिला आणि दुसरा हात पुढं केला. सिस्टरांनी पट्टा बांधला आणि लगेच सोडला. "तोंडाचा प्रेशर घेव का हाताचा? आधी ठरवा." पडवीतले गडी हसले. शेठजी ट्रस्टचे देणगीदार निघाले. आठ दिवसांत सिस्टरांना पत्र आलं. पनवेलच्या पलीकडं, करंजाड्याला, ट्रस्टनं नवं केंद्र उघडलं होतं. तेव्हा तिथं शेतं होती आणि मधोमध हे केंद्र. बोनकोड्याहून जायला तीन बस. डॉक्टर म्हणाले, माझ्या हातात काही नाही. मीही काही बोललो नाही. माझ्या हातात तर काहीच नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. पळपुट्यांचं हे ठरलेलं वाक्य.

जायच्या दिवशी सिस्टरांनी मला पायरीवर बोलावलं. "राऊत, म्हादू आथा तुझ्याकडं. गोली त्याच्या हातान द्यायची नाय. जिभंव ठेवायची. पानी पाजायचा. जीभ उलटी करून बघायची. तो हसल. हसला तरी द्यायची नाय. कलला?"

"कळलं, सिस्टर."

"नाय कलला. परत बोल."

मी शाळकरी पोरासारखं सगळं परत म्हणून दाखवलं. एवढ्यानंही त्यांचं समाधान झालं नाही. जाताना दोनदा वळून बघितलं त्यांनी.

तीन आठवडे मी सहाला गेलो. चौथ्या आठवड्यात महादू आपलं ते लोण्यासारखं हसू घेऊन म्हणाला, "सायेब, तुमी कशाला फाटंचा तरास घेता? तुमचीबी झोपमोड. द्या की हातात. न्ह्यारी करून घरी घेत जाईन. लेकराची आन."

मला ते पटलं. का पटलं ते मी आता सांगू शकतो, तेव्हा सांगितलं नसतं. मला पहाटे उठायचा कंटाळा आला होता. त्याचं म्हणणं खरं आहे म्हणून नव्हे, सोयीचं आहे म्हणून मी खरं मानलं. महिन्याची पाकिटं त्याच्या हातात दिली. दर महिन्याला तो यायचा, पाकिटं न्यायचा. "घेतोस ना?" "घेतो की, सायेब." बाकड्यावर बसवायला आता कुणी नव्हतं. नवीन सिस्टर पेशंट उभा असतानाच पट्टा बांधत.

सात महिन्यांनी, भर दुपारी, गाळ्याच्या फळीवर पाय ठेवता ठेवता महादू पाठीवरच्या गोणीसकट कोसळला. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

सिस्टरांना मीच कळवलं. रविवारी त्या आल्या, आणि मी त्यांना महादूच्या सानपाड्यातल्या खोलीवर घेऊन गेलो. महादू भिंतीला टेकवून बसवलेला होता. एक गाल खाली ओघळलेला, आणि दुसऱ्या अर्ध्या तोंडावर तेच हसू. त्याची बायको हौसाबाई रडत उठली आणि काहीतरी सांगू लागली. सिस्टरांनी हात वर केला.

"पाच मिंटं."

पिशवीतून त्यांनी यंत्र काढलं, मोठा पट्टा काढला. महादूचे पाय उशीवरून उतरवून जमिनीवर ठेवले. डावा हात मांडीवर ठेवला. आणि आम्ही सगळे बसलो. हौसाबाई पदर तोंडात धरून, मी दाराशी. स्टोव्हवर काहीतरी रटरटत होतं, सिस्टरांनी तो बंद केला. पाच मिनिटं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी प्रेशर घेतलं, दोनदा घेतलं. "बरा हाय," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा हौसाबाईनं देव्हाऱ्यातल्या फोटोमागून पत्र्याचा एक डबा काढला. आत गोळ्यांची पाकिटं. सात महिन्यांची, जवळजवळ सगळी, रबर लावून नीट ठेवलेली.

"म्हनायचे, बीपी आली की घीन. आत्ता बरं हाय तर फुकट कशाला घालवायच्या? आडीआडचणीला ऱ्हात्याल."

सिस्टरांनी डबा मांडीवर घेतला. एक पाकीट उलटून बघितलं, आत ठेवलं, झाकण लावलं. आणि मग त्या महादूवर तुटून पडल्या. असा आवाज मी त्यांचाही कधी ऐकला नव्हता. चाळीतली माणसं दाराशी जमली. "हरामखोरा, देवाच्या मागं लपवतंस? देव खानार होता गोल्या? वरीसभर मी झक मारली त्या पायरीव? आं? हसतंस काय? दात दाखवतंस?" शिव्या देता देता त्यांनी त्याच्या ओघळलेल्या गालावरची लाळ आपल्या पदरानं पुसली, पुन्हा शिव्या दिल्या, पुन्हा पुसली. महादू अर्ध्या तोंडानं हसत होता आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मग त्यांनी हौसाबाईला गोळी कशी द्यायची ते दाखवलं. जिभेवर ठेव, पाणी पाज, जीभ उलटी करून बघ. तेच शब्द. मी दाराशी उभा होतो. आता माझ्याकडं वळतील, असं वाटत होतं. मी तयार होतो, खरं तर मी आतुर होतो. चारचौघांत, या चाळीसमोर, माझी सालटी काढा, एवढंच मागत होतो.

त्या वळल्या. म्हणाल्या, "राऊत, बसचा टाइम झाला. निघते."

मी स्टॉपपर्यंत मागं गेलो. म्हटलं, "सिस्टर, माझी चूक झाली." त्या रस्त्याकडं बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऊन फार आहे आज. तुम्ही जा घरी."

बस आली. त्या चढल्या, पिशवी छातीशी धरून. बस अजून हललीही नव्हती, तोच आतून त्यांचा आवाज आला. कुणा म्हातारीला जागा न देणाऱ्या दोन पोरांना त्या उठवत होत्या, मधे पडलेल्या कंडक्टरलाही सोडत नव्हत्या. बस वळणावर जाईपर्यंत मला तो आवाज ऐकू येत होता. त्या अनोळखी पोरांसाठीसुद्धा सिस्टरांपाशी राग होता, आणि मला त्यांनी ऊन लागू नये म्हणून घरी जायला सांगितलं होतं.